दिग्रसहून यवतमाळ, मांडीवर बाबांचा कॅमेरा

साल साठच्या आसपासचं. बाबा वारले आणि त्यांचा दिग्रसचा फोटो स्टुडिओ माझ्या गळ्यात पडला, त्यासोबत तो भलामोठा लाकडी कॅमेराही. त्याला लागणाऱ्या काचेच्या प्लेटा मिळेनात, आणि गिऱ्हाईक रोलवाल्या फोटोसाठी हटून बसलेलं. यवतमाळचे एक जुने फोटोग्राफर बदल्यात रोलचा कॅमेरा द्यायला तयार होते, पण आधी लेन्स बघणार होते. बाबा सांगत, लेन्स जर्मन आहे. जमलं नाही तर स्टुडिओला कुलूप लावून कापसाच्या जिनिंगात नोकरी धरायची, दुसरा मार्ग नव्हता.

त्यात माय म्हणाली, "मले बी यायचं हाये."

"तुले कायले?"

माय निघाली म्हणजे भाकरीचं गाठोडं निघालं, पाण्याचा तांब्या निघाला, शेजारणीनं तिच्या यवतमाळच्या लेकीसाठी दिलेली लोणच्याची बरणीही निघाली. एसटीच्या कंडक्टरला कॅमेऱ्याची पेटी टपावर टाकायची होती. मी भांडलो. शेवटी तिकडची सगळी वाट ते धूड माझ्या मांडीवर.

आर्णीपर्यंत रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. पुढे कापसाच्या बंड्यांची रांग, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, बैल हलेनात. आर्णीला गरम भजी मिळाली, तेवढंच सुख. आता त्या वाटेनं जाणार असाल तर सकाळी उजवीकडे बसू नका, ऊन थेट तोंडावर येतं. माझं तोंड तर आधीच तापलेलं होतं, कारण माय बसभर सांगत होती, "सांभाळ रे बाबू, सांभाळ."

यवतमाळच्या त्या फोटोग्राफर काकांनी पेटी उघडली. सागवान ठोकून पाहिलं, कॅमेऱ्याचा चामडी भाता उघडून उजेडात धरला, एकही भोक नाही. मी खूश. मग लेन्सची पितळी नळी हातात फिरवायला लागले. खिडकीशी नेली, भिंग लावलं, परत फिरवली.

"नाव कुठाय?"

"कशाचं?"

"कंपनीचं. इथं गोल कोरलेलं असते. हे तं पार गुळगुळीत हाये. अन् काचेवर हे ओरखडे? कोणं घासलं?"

"मीनं," माय कौतुकानं म्हणाली. "दर दसऱ्याले. चिंच लावाची, मंग राख. पूजेत ठेवाचं म्हणजे लखलख पायजे ना!"

अरे देवा! मी कपाळच बडवून घेतलं. देवाची भांडी घासावीत तशी हिनं जर्मन लेन्स घासली होती, वर्षानुवर्षं, काचेसकट! काका नरमाईनं म्हणाले, "नाव नाही, काच धुरकट. पितळेचा भाव येईन, अदलाबदल नाही जमत."

मी रागारागात पेटी बांधायला लागलो तर माय म्हणते, "थांब ना. आतून कसं दिसते, मले पाहू दे."

"आता काय पाहतं? उलटं दिसते!"

पण काकांनी लेन्स परत बसवून तिला कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली घेतलं. बराच वेळ ती बाहेरच येईना. कापडातून हसू ऐकू आलं. "बाई बाई, रस्त्यावरचा टांगा पाय वर करून चालला!" मला हसू आलं नाही, खरं सांगतो.

परतीच्या गाडीत मी राग आवरून धरला. दिग्रसला पोचलो, पेटी जागेवर ठेवली आणि मग सुटलो. "माय, पितळ एकदा हात फिरवला की चमकते. नाव जाईपर्यंत कायले घासत बसत होती?"

ती गाठोडं सोडत होती.

"तुह्या बापाले कॅमेऱ्याले बाईमाणसाचा हात चालत नव्हता," ती म्हणाली. "दसऱ्याच्या दिवशी तेवढा चालत होता. तं मी दिवसभर घासत बसत होती."

जिनिंगात मी पुढे बरीच वर्षं काढली. स्टुडिओ गेल्याची चीड अजून आहे. तो कॅमेरा कुठल्या कंपनीचा, हे आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही, आणि मी तो विकलेलाही नाही.