दिवसाची दुसरी बारी

आधीच सांगतो, अंगारा-लिंबूवाला माणूस मी नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, बीएस्सी कॉम्प्युटर. त्यामुळे कमेंटमध्ये मला ‘जरा सायन्स वाच’ म्हणून शिकवू नका... वाचलंय.

घर निमगाव सावा, तालुका जुन्नर. भिंतीपलीकडे चुलते राहतात, आबा. त्यांचा शर्यतीचा बैल हरण्या. पुण्यातल्या एका गेम कंपनीत मुलाखत होती आणि स्वतः बनवलेला गेम दाखवायचा होता. मी बैलगाडा शर्यतीचा केला. आवाज सगळे खरे, अगदी हरण्याच्या घुंगरांसकट, शर्यतीच्या घाटात म्हणजे धावपट्टीवर मोबाईलवर घेतलेले. आबांनी तेव्हाच टोमणा मारला, "खऱ्या बैलाला कधी पानी पाजलं न्हाई, अन् मोबाइलात पळवतोय!"

भानगड अशी — सकाळची पहिली बारी, म्हणजे पहिली धाव, एकदम चोख. रीस्टार्ट केलं की हरण्याच्या घुंगरांचा आवाज उशिरा यायचा, आणि संथ. पाय पुढे, घुंगरं मागे. बैलांपुढे पळणाऱ्या घोडीच्या टापा, स्पीकरवरची आरोळी — बाकी सगळं वेळेवर. बफर कमी केला, फाइल आधीच लोड करून ठेवली, मित्राचा लॅपटॉप आणला. तेच. लॅपटॉपची तारीख उद्याची केली... फरक शून्य. खरी सकाळ उजाडली की मात्र पहिली बारी पुन्हा चोख!

एक दिवस चिडून मी दुपारभर रीस्टार्ट दाबत बसलो. संध्याकाळी आबा दारात.

"माझा बैल कुनी पळवला?"

"आबा, तो गोठ्यात बांधलाय की."

"बांधलाय म्हनूनच इचारतोय! फेस आलाय तोंडाला. दिवसाला एकच बारी घेतो मी त्याची, एकच! शिकला म्हंजी लई शाना झाला का?"

जाऊन पाहिलं. हरण्या घामाने निथळत होता, पाय लटपटत होते. दावं खुंटीला तसंच. उन्हाने झालं असेल, म्हणालो. माझं मलाच पटलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून मुद्दाम गेमला हात लावला नाही. साहेबांनी पहिली बारी पाहिली, खूश झाले. "परत एकदा बघू," म्हणत त्यांनी रीस्टार्ट दाबलं. घुंगरं उशिरा आली... मग थांबलीच. स्पीकरमधून धाप ऐकू येऊ लागली. मोठी, तुटक. असला आवाज मी रेकॉर्ड केलेलाच नव्हता.

"हा इफेक्ट भारी टाकलाय. अजून एकदा —"

मी लॅपटॉप मिटला.

"काय रे, क्रॅश झाला?"

"नाही सर. आज आता पळणार नाही तो."

सगळे एकमेकांकडे बघून हसले. नोकरी हातची गेली.

घरी पोचलो तर गोठ्यात जनावरांचा डॉक्टर. हरण्या वाचला. पण मी त्याला काहीतरी खायला घातलं, असं आबांच्या डोक्यात बसलंय. बोलणं बंद आहे. मी तरी काय सांगू?

कारण अजून सापडलेलं नाही. घुंगरांची फाइल लॅपटॉपमध्ये तशीच आहे. ‘डिलीट करून टाक’ असं फुकटचं सांगू नका. डिलीट केल्यावर गोठ्यात काय होईल, हे ज्याला छातीठोक माहीत असेल त्यानेच बोलावं. बैल तुमचा नाही.