मागांच्या गल्लीतला भोंगा

"आवाज वाढव," वकीलसाहेबांचा कार्यकर्ता जीपमध्ये वाकून मला म्हणाला. मी बटण आणखी थोडं फिरवलं. तरी गल्लीतून एकही माणूस बाहेर आला नाही. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खटखटाट चालूच होता आणि आमचे त्या दिवसाचे उमेदवार वकीलसाहेब त्याच्यावर घसा ताणून बोलत होते.

गल्ली उमरेडच्या विणकरांची, दिवस लोकसभेच्या निवडणुकीचे आणि काळ सत्तरीच्या दशकातला. नागपूरला सदर भागात एका साउंड सर्व्हिसच्या दुकानात मी ऑपरेटर होतो. ऑपरेटर हा शब्द मोठा वाटतो, पण काम साधं. जीपवर भोंगे बांधायचे, त्यांना अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी. तिला बॅटरी लावायची आणि बोलणाऱ्याच्या हातात माइक द्यायचा. मग तो बोलेल ते ऐकायचं आणि सोडून द्यायचं.

सोडून देणं महत्त्वाचं. निवडणुकीत आमचे तेच भोंगे सकाळी एका उमेदवारासाठी ओरडायचे आणि संध्याकाळी त्याच्या विरोधकासाठी. जीपवरचा झेंडा तेवढा बदलायचा. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आम्ही शब्दशः पाळत होतो. आमचे मालक भैयाजी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, "आपला पक्ष बॅटरी. ते उतरली का आपण हरलो."

पण त्या गल्लीत मला सोडून देता येत नव्हतं, कारण ती माझी गल्ली होती. डावीकडे चौथ्या घरात माझे बाबा मागावर बसले होते आणि आई शेजारी कांड्यांवर सूत भरत होती. आमच्या घरात दोन माग. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं, असे. एक बाबांचा आणि दुसरा माझा. सूत मिळेनासं झालं, दोन मागांपुरतं येईना, तेव्हा मी उठलो आणि नागपूरला गेलो. बाबा जा म्हणाले नाहीत आणि राहाही म्हणाले नाहीत. माझ्या मागावर त्यांनी एक जुनं धोतर घालून ठेवलं होतं आणि माझा खड्डा ते रोज झाडायचे. मी एस. टी.ने कधीमधी घरी जायचो. झाडलेला खड्डा पाहिला की त्यात उतरून बसावंसं वाटायचं. बसलो मात्र नाही. एकदा बसलो असतो तर उठलो नसतो.

आता त्या गल्लीची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मतं मागायला कोणीही आला तरी आमचे लोक माग थांबवत नसत. मग तो नगरपालिकेचा असो की दिल्लीला जाणारा. यात अपमान नव्हता. माग थांबला की कापड थांबतं, म्हणून बोलणारा त्या थांबण्याच्या लायकीचा आहे का, हे आधी बसल्या जागी ऐकायचं. पटलं तर एक माग थांबायचा, मग दुसरा. बरेच थांबले की लोक दारात यायचे आणि प्रश्न विचारायचे. ज्याच्यासाठी मागच थांबले नाहीत, त्याला मत नाही, एवढा सरळ हिशेब. बाहेरच्यांना हे ठाऊक नसे. त्यांना वाटे, गाढवापुढे वाचली गीता.

वकीलसाहेबांच्या माणसालाही तसंच वाटलं. तो पुन्हा आवाज वाढव म्हणाला. मी त्याला समजावलं, की गल्ली अरुंद आहे, भोंग्याचा आवाज भिंतींवर आपटून परत माइकमध्ये शिरेल आणि शिट्टी मारेल. लग्नाच्या मांडवात माइक मध्येच किंचाळतो तो हाच प्रकार. माइकने भोंग्याकडे तोंड केलं की हमखास होतो. पण त्याने ऐकलं नाही. मी आवाज वाढवला आणि शिट्टी वाजली. माग चालूच राहिले.

वकीलसाहेब माणूस हुशार. त्यांनी रस्ते, वीज, दिल्ली सगळं सोडलं आणि म्हणाले, "मी इथे सूतगिरणी आणीन. तुमची बाहेर गेलेली पोरं परत घरी आणीन."

एक माग थांबला.

तो कोणाचा, हे मला बघायची गरज नव्हती. धागा घातला की तो फणीने ठोकून बसवावा लागतो. बाकीचे एकदा ठोकायचे, बाबा दोनदा. सदरच्या दुकानात माइक तपासताना बाकीचे हॅलो, वन टू थ्री म्हणायचे. मी त्याच्यावर बोटाने टकटक करायचो, आणि ती दोनदाच व्हायची. भैयाजी विचारायचे, हे काय नवीन काढलं. मी म्हणायचो, सवय आहे. तर त्या खटखटाटातून ती दोनदाची ठोक गेली. बाकी सगळा आवाज होता तसाच होता, पण मला गल्ली रिकामी झाल्यासारखी वाटली.

पुढच्या आठवड्यात त्याच गल्लीत मास्तरांना घेऊन गेलो. मास्तर अपक्ष उभे होते. एका शाळेत शिकवायचे, अंगात धुवट सदरा, जीप कुणाची तरी मागून आणलेली. भैयाजींनी त्यांना दुकानातला सगळ्यात जुना भोंगा दिला होता. मास्तर हळू बोलायचे, आणि एकच गोष्ट दोनदा सांगायची शाळेची सवय होती. त्यांनी सुताचं सांगितलं. सूत कुठून निघतं, मध्ये कोणाच्या गोदामात अडतं आणि गल्लीत येईपर्यंत अर्धं कसं होतं, ते एवढं नीट सांगितलं की फळ्यावर लिहितायत असं वाटावं. आधी कोपऱ्यातला माग थांबला, मग समोरचा. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी आवाज कमी करत चाललो आहे. अख्खी गल्ली बंद झाली होती. एवढी शांत ती मी कोणी वारल्यावरच पाहिली होती.

लोक दारात आले. बाबाही आले. खांद्याला सुताचे तंतू चिकटलेले, डोळे बारीक केलेले. प्रश्न सगळ्यांना ऐकू जावा म्हणून विचारणाऱ्याच्या तोंडापुढे माइक धरायचा, हेही ऑपरेटरचंच काम. बाबांनी हात वर केला. मी वायर ओढत त्यांच्यासमोर गेलो आणि माइक धरला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मास्तर, मले एक इचारायचं आहे," बाबा म्हणाले. "आमच्या गल्लीतले पोट्टे गेले. कोणी कोयल्याच्या खाणीत गेला, कोणी भिवंडीले गेला. तुमी निवडून आले त थे वापस येतीन का?"

मास्तरांनी विचारलं, "तुमचा मुलगा कुठे आहे?"

"नागपूरले. बाजाचं काम करते."

आमच्याकडे लाउडस्पीकरला बाजा म्हणतात. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की तो मुलगा माइक धरून उभा आहे. फक्त मास्तरांना ठाऊक नव्हतं. लोक आपापल्या पायांकडे बघू लागले. मी वायर सोडवायला वळलो, तसं माइकचं तोंड भोंग्याकडे वळलं आणि कान फाटतील अशी शिट्टी वाजली.

"नीट धर गा," बाबा म्हणाले. तेही भोंग्यातून सगळ्यांनी ऐकलं.

मी माइक नीट धरला. शिट्टी थांबल्यावर मास्तर बोलले. "बाबाजी, मी खोटं नाही बोलत. सुतासाठी भांडीन. आज जे मागावर बसले आहेत त्यांच्यावर उठायची पाळी येऊ नये, एवढं माझ्यानं होईन. पण गेलेला पोट्टा वापस येत नाही. मीच नाही गेलो माझ्या गावाले."

बाबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही. ते आत गेले आणि क्षणभराने त्यांचा माग सुरू झाला, दोनदा, दोनदा. बाकी लोक मास्तरांजवळ थांबून बराच वेळ बोलत राहिले. मी वायर गुंडाळत होतो. आत जाऊन बाबांच्या शेजारी बसावं आणि म्हणावं, मी येतो परत, असं फार वाटलं. जीपवाल्याने हॉर्न वाजवला आणि मी चढलो. संध्याकाळी त्याच भोंग्यावर दुसऱ्याचं काम होतं.

परतताना मास्तरांनी मला विचारलं, ते म्हातारे बाबा नाराज झाले का. मी म्हटलं, माहीत नाही. खरं सांगितलं असतं तर मास्तर वाटभर अपराध्यासारखे बसले असते, आणि त्यांनी चूक काहीच केली नव्हती.

मतदान झालं. पहिल्या सवडीला मी उमरेडला गेलो. बाबांच्या बोटावरची शाई अजून गेली नव्हती. आईने विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "म्या त मास्तरले देल्लं. खरं बोलला बापा तो." गल्लीतही तेच ऐकू येत होतं. मागांनी जे सांगितलं होतं तेच लोकांनी मतपेटीत टाकलं होतं. जेवण झाल्यावर मी बाबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, वकिलाला दिलं.

मला रागच आला. मी म्हटलं, वकीलसाहेबांसाठी गल्लीतला एकही माग थांबला नाही, तुमचा सोडून. मास्तरांसाठी सगळे थांबले. कोण खरं बोललं, हे तुम्हाला कळलं नाही का?

बाबा सुपारी कातरत होते. ते थांबले नाहीत.

"कळलं ना गा. मास्तर खराच बोलला. पण त्याच्या निशाणीवर शिक्का मारला असता, त तू येत नाही यावर माहा शिक्का झाला असता."

आई भांडी घेऊन बाहेर गेली. मी उठून माझ्या मागावरचं धोतर झटकलं, पुन्हा नीट घातलं आणि दुपारच्या एस. टी.ने सदरला आलो.

वकीलसाहेब निवडून आले. मास्तरांना आमच्या गल्लीबाहेर फारशी मतं पडली नाहीत. ते शाळेत परत गेले. सूतगिरणी आली नाही आणि कोणाचा मुलगाही आला नाही. मी ऑपरेटरचा पुढे दुकानदार झालो. नेत्यांना वाटतं, मतदाराला खरंखोटं कळत नाही म्हणून भोंगा मोठा लावावा. भोंगे भाड्याने देणारा मी सांगतो, त्याला खालच्या आवाजातलंही सगळं कळतं. कळूनही तो कधीकधी दुसरीकडेच शिक्का मारतो, आणि त्याचं कारण कोणत्याही सभेत सापडत नाही.

पुढच्या निवडणुकीत वकीलसाहेब पुन्हा उभे राहिले. तेव्हा गल्लीत थोडेच माग उरले होते. मी बाबांना मतदान केंद्रावर घेऊन गेलो होतो. बाहेर आल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं, वकिलालाच दिलं. घरी आलो तर माझा खड्डा झाडलेला होता.