दोघांनी मिळून केलेला अर्ज

जयपूरला मी सहा वर्षं त्यांची बायको म्हणून राहिले आणि त्या सहा वर्षांत आमचं एकदाही मोठं भांडण झालं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे ज्याला त्याला हेच सांगावं लागलं आणि कुणालाच ते पटलं नाही.

ते रेल्वेत फिटर होते. मी अकोल्याकडची, सातवीनंतर शाळा सुटलेली. लग्न झालं आणि छोट्या लाइनच्या गाडीने थेट इथं येऊन पडले. ते मारत नव्हते, पीत नव्हते. ड्युटीवरून यायचे, जेवायचे, रेडिओ लावायचे. मी काही बोलले की "हो" म्हणायचे. हळूहळू माझंही बोलणं आटलं. मूलबाळ झालं नाही, आणि डॉक्टरकडे जाऊ या असं दोघांपैकी कुणी म्हणालंही नाही.

एका रविवारी मी तांदूळ निवडत बसले होते. ते समोर येऊन बसले आणि म्हणाले, "तुले इथं बरं नाई वाटत ना?"

मी म्हटलं, "नाई." मग थोड्या वेळाने विचारलं, "अन् तुमाले?"

"मलेबी नाई."

सहा वर्षांतलं आमचं खरं बोलणं ते एवढंच. मला आधी धडकी भरली, आणि त्यातच कुठेतरी बरंही वाटलं.

मी वेगळी राहायला लागले ती जयपूरच्याच खातीपुऱ्यात. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात ओळख झालेली एक काकू होती, साताऱ्याकडची. तिचे यजमान फौजेत हवालदार. त्यांना सरकारी क्वार्टर अजून मिळालं नव्हतं म्हणून त्यांनी बाहेर भाड्याने घर घेतलं होतं, त्यातली मागची खोली तिने मला दिली. माझी ट्रंक सायकलवर बांधून ह्यांनीच आणून पोचवली. काकूने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मला म्हणाली, "आगं, ह्यो मानूस तुला सोडतोय का सासरी धाडतोय?" विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या शर्टांच्या कारखान्यात काज-बटणाचं काम तिच्याच ओळखीतून मिळालं. तिचे उपकार मी किती आणि कुठे लिहू.

दोन महिन्यांनी आम्ही दोघं गावी गेलो, घरच्यांना सांगायला. तिकीट काढायचा प्रश्नच आमच्या डोक्यात आला नाही. रेल्वेवाल्याचं कुटुंब पासावर जातं. त्यांनी नेहमीसारखा पास काढला, त्यावर त्यांचं नाव आणि खाली 'पत्नी'. अकोल्याला उतरलो, ते त्यांच्या घरी गेले, मी माझ्या. चार दिवसांनी परत आलो. जयपूरला यार्डातून बाहेर पडलो, त्यामुळे गेटवर परत द्यायचा पास कुणी मागितलाच नाही. तो माझ्या पिशवीत राहिला.

वर्ष उलटल्यावर वकीलबाईंकडे गेलो. त्या तिथल्याच, हिंदी बोलणाऱ्या, पण सावकाश बोलायच्या. त्यांनी आधी ह्यांना बाहेर बसवलं आणि मला एकटीला विचारलं. हा अर्ज कुणी तुझ्याकडून जबरदस्तीने करवून घेतंय का? सही नाही केलीस तर घरी काही होईल का? मी नाही म्हटलं, तरी त्यांनी तेच वेगळ्या शब्दांत परत विचारलं. त्याच दिवशी माझ्या आधी एक बाई आली होती, तोंडावर पदर ओढलेला आणि सोबत नवरा. त्याच्या हातात कागद तयार होते. वकीलबाईंनी ते घेतले नाहीत. नंतर मला म्हणाल्या, तिला हा रस्ता नाही. तिने भीतीपोटी सही केली असती, पोरंही सोडून दिली असती. ज्यांचं भांडून संपलंय किंवा ज्यांना भांडायचंच नाही, त्यांच्यासाठी हा आहे.

मग त्यांनी समजावून सांगितलं. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. अर्ज एकच, दोघांचा मिळून. त्यात कुणी कुणावर आरोप करायचा नाही. कोर्ट एकदा विचारतं, मग कमीत कमी सहा महिने घरी पाठवतं आणि पुन्हा बोलावून तेच विचारतं. दुसऱ्यांदाही दोघांनी हो म्हटलं तर मोकळे.

मी विचारलं, मधल्या काळात एकाचं मन फिरलं तर?

तर झालं नाही, त्या म्हणाल्या. मग एकाने दुसऱ्यावर खटला घालायचा. मारलं म्हणायचं, टाकलं म्हणायचं, साक्षीदार आणायचे. तू यांच्यावर काय घालशील?

माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी माझं काही वाईट केलंच नव्हतं. म्हणजे हा एक दरवाजा बंद झाला की मला दुसरा नव्हता. वाईट नवऱ्यापासून सुटायची वाट कायद्यात होती, चांगल्यापासून सुटायची ही एवढीच.

कागद मागितले तेव्हा मी होतं नव्हतं ते सगळं दिलं. सातवीचा दाखला, लग्नाचा फोटो, मी त्यांच्याकडे राहते अशी काकूच्या यजमानांनी लिहिलेली चिठ्ठी, आणि तो पासही. नवरा खरोखर रेल्वेत आहे हे दिसावं म्हणून. सगळं फाइलला टाचलं गेलं.

पहिली तारीख सुरळीत पार पडली. कोर्टातल्या बाबूने जबाब लिहून घेताना मान वर न करता विचारलं, झगडा कशाचा? ह्यांनी सांगितलं, झगडा नाही. बाबूने आता मान वर केली. "झगडा नहीं, तो यहाँ घूमने आए हो क्या?" मागे बसलेले लोक हसले. ह्यांच्याही तोंडावर हसू आलेलं मी पाहिलं.

मग ते सहा महिने.

तिसऱ्या महिन्यात सासूबाई आल्या. त्या ह्यांच्या रेल्वे क्वार्टरवर उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीवर. मी भाकरी केली, त्या जेवल्या. हात धुवून म्हणाल्या, "माह्या पोरात काय खोट हाये, ते सांग."

मी म्हटलं, काहीच नाही.

"मंग तुह्यात हाये."

"असंल, आत्याबाई."

त्यांना राग आला असता तर सोपं होतं. त्या रडायला लागल्या. मीही रडले. निघताना मात्र चपला घालता घालता बजावलं, "तो तारखेले येनार नाई. मी येऊच देनार नाई."

त्या जयपूरलाच थांबल्या. रोज त्यांना सांगत असतील, जेवताना, उठताना, बसताना. आणि ते 'हो' म्हणत असतील. त्यांचं ते 'हो' मला सहा वर्षांचं माहीत होतं. त्याचा अर्थ काहीही होत असे. मला जाऊन विचारता आलं असतं. पण विचारलं आणि ते नाही म्हणाले तर, म्हणून गेले नाही. कारखान्यात दोनदा काज उलट्या बाजूला पाडलं. काकू म्हणायची, "कशापायी जीव जाळतीस? ह्यो मानूस शब्दाचा हाय." मी म्हणायचे, काकू, शब्द बोलतच नाहीत ते.

तारखेच्या दिवशी मी दहालाच कोर्टात पोचले. अकरा वाजले, साडेअकरा. शिपायाने दोन प्रकरणं पुकारली. वकीलबाई घड्याळ बघत होत्या आणि मी बघते आहे असं दिसलं की बघायच्या थांबत होत्या. बाराच्या सुमाराला ते जिन्यावरून वर आले, कामाच्याच निळ्या कपड्यांत, हाताला ग्रीस. एकटे. मला म्हणाले, सुट्टी मिळाली नाही, तासाभरासाठी सुटलो. पण आले म्हणजे काय बोलायला आले, हे कुठे माहीत होतं.

आत गेलो. जजसाहेब वयस्कर होते, फाइल एकेक पान करून बघत होते. एका पानावर थांबले. वकीलबाईंनी मान लांब करून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. पास. वेगळे राहतो म्हणून जे वर्ष लिहून दिलं होतं, त्याच वर्षातली तारीख, आणि खाली 'पत्नी'.

जजसाहेबांनी मलाच विचारलं, हे काय? वर्षभर अलग होतात ना?

माझी हिंदी पार पळून गेली. मी फक्त म्हटलं की तो कागद मीच दिलाय. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग ह्यांना विचारलं. आता सांगतील, मला वाटलं. आता म्हणतील की साहेब, आमचं तसं काही बिनसलेलं नाही, आई आलेली आहे, घेऊन जातो. इतकं सोपं होतं ते. त्यांनी हात पुसले आणि आपल्या मोडक्या हिंदीत ते जितकं बोलले, तितकं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"साहब, रेल्वे में हैं तो पास पे ही जाते हैं, टिकट का खयालच नहीं आया. एक डिब्बे में बैठे. वहाँ उतरके ये अपने घर, मैं अपने घर."

"अलग होना था तो साथ क्यों गए?"

"दोनों घर में एकही दिन बोलना था, साहब. जो पहले बोलता उसका कसूर हो जाता."

जजसाहेबांनी चष्मा काढला, परत लावला. मग म्हणाले की एका डब्यात बसणं म्हणजे संसार करणं नव्हे, आणि काहीतरी लिहिलं. लिहून झाल्यावर दोघांकडे बघून शेवटचं विचारलं. आज भी राज़ी हैं?

मी "हाँ जी" म्हटलं. ते क्षणभर थांबले. त्या क्षणात मी आत्याबाईंचं सगळं बोलणं ऐकलं.

"हाँ जी," ते म्हणाले. "राज़ी हूँ."

बाहेर आल्यावर मी बाकावर बसले. ते समोर उभे राहिले. मी विचारलं, "आत्याबाई?"

"गेल्या काल गावाले. गाडीत बसवून देल्लं." मग जरा वेळाने म्हणाले, "तू भेलीस का मंगाशी?"

"लई."

"मीबी," ते म्हणाले, आणि तास संपत आला म्हणून जिना उतरून गेले.

निकालाची नक्कल आठ-दहा दिवसांनी मिळाली. ऑफिसात माझं नाव कमी करायला त्यांना एक हवी होती. मला कुठे दाखवायची नव्हती, तरी मी वेगळी मागून घेतली. नक्कल देणाऱ्या बाबूने विचारलं, तुम्हाला कशाला? म्हटलं, वाचायला.

खोलीवर येऊन मी ती काकूला वाचून दाखवली. कोर्टाची हिंदी, लांबच लांब वाक्यं. कितीतरी शब्द बोट ठेवून सुटे करावे लागले. याचिकाकर्ता, परस्पर सहमति, विवाह-विच्छेद. काकू भाजी चिरायची थांबून ऐकत होती. दोन्ही पानांत कुठेही कुणाचा कसूर लिहिलेला नव्हता, ना त्यांचा ना माझा. वाचून संपलं तेव्हा ती म्हणाली, "ती खालची वळ परत वाच की."

दोघांच्या संमतीने लग्न संपलं, एवढंच सांगणारी ती शेवटची ओळ मी परत वाचली, आणि या वेळी कुठे अडले नाही.