चौदा नंबरची फटफटी

नगरच्या मिशन कंपाउंडमागच्या आळीत यशया वाघचौरे राहायचा. धंद्याने फोटोग्राफर. फोटोग्राफर म्हटलं की लग्नकार्यात पुढे पुढे करणारा, "जरा हसा की पाव्हणं" म्हणणारा गडी डोळ्यांपुढे येतो. यशया त्यातला नव्हता. लग्नाचे, शाळेच्या वर्गांचे, चर्चच्या नव्या पाळकसाहेबांचे फोटो तो काढायचा, पण ते पोटासाठी. त्याचा जीव होता डोंगरात. शनिवार उजाडला की लाकडी कॅमेरा पाठीला, तिपाई खांद्यावर, काचेच्या प्लेटांची पेटी हातात, आणि स्वारी निघाली. कधी डोंगरगणची घळ, कधी पारनेरकडचं माळरान, लेकीकडे कोपरगावला गेला तर गोदावरीचा काठ. या सगळ्या फोटोंत माणूस औषधालासुद्धा सापडायचा नाही. एखादा मेंढपाळ चौकटीत शिरलाच तर तो जाईपर्यंत यशया हाताची घडी घालून उभा. मेंढपाळ खाली बसला की हाही बसायचा. मग दोघांत आधी कोण कंटाळतो ते बघायचं. मेंढपाळच कंटाळायचा.

त्याची बायको दीना म्हणायची, "अहो, त्या डोंगराला तुमची ओळख तरी आहे का? माणसांचे काढा. ती निदान तुमचं नाव घेतील." यशया हसून सोडून द्यायचा. एकोणचाळीस साली दीना विषमज्वराने गेली. पुढच्याच वर्षी लेक कृपा लग्न होऊन कोपरगावला गेली, आणि घरात बाप आणि मुलगा एवढेच उरले. मुलाचं नाव प्रभुदास. दोन पुरुष एका घरात राहिले की बोलणं कितीसं होणार? "जेवलास का?" "जेवलो." "दिवा मालव." संपलं. पण पोरगं गुणी होतं. मिशनच्या डॉक्टरांची मोटार बिघडली की आधी प्रभुदासला हाक जायची. त्रेचाळीस साली तो पलटणीत भरती झाला, फटफटीवरून लष्करी टपाल पोचवणारा स्वार म्हणून.

परदेशी रवाना व्हायच्या आधल्या आठवड्यात पलटणीच्या साहेबलोकांनी चांदबिबीच्या महालाखालच्या माळावर फटफट्यांची शर्यत ठेवली. प्रभुदासचं नाव त्यात होतं. आदल्या दिवशी तो बापाला म्हणाला, "बाबा, माझा एक फोटो काढा. फटफटीवरचा. बोटीवर बरोबर नेईन." आजवर पोराने बापाकडे काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच.

यशया गेला. पण त्याच्याजवळ होता तो मोठा, डोंगराचा कॅमेरा. त्याला शटरबिटर काही भानगड नव्हती. लेन्सची टोपी काढायची, मनात 'आमेन' म्हणायचं आणि टोपी लावायची. लख्ख उन्हात एक आमेन, ढगाळ असलं तर दोन, घळीत उतरलं तर सहा-सात. डोंगर कुठे पळून जातोय! लढाईमुळे प्लेटांचा दुष्काळ, जवळ उरली होती एकच. यशयाने तिपाई मांडली, काळ्या कापडात डोकं घातलं, डोंगर चौकटीत नीट बसवला, प्लेट सरकवली आणि वाट बघत राहिला. फटफटी आली. त्याने टोपी काढली, आमेन म्हटलं, तोवर पोरगं माळाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेलं.

प्लेट धुतली तेव्हा यशया हरखलाच. असा डोंगर त्याच्या हातून कधी उतरला नव्हता. काळ्या कातळाची घडी न् घडी, महालाच्या कमानी, वरचं कोरडं आभाळ. फक्त खाली, कातळाच्या पायथ्याशी, कुणी चुन्याचं बोट पुसावं तसा एक फिकट फराटा होता. यशयाने प्लेट उजेडासमोर धरली, बारीक पातं घेतलं आणि तासभर बसून तो फराटा हळूहळू खरवडून काढला. मागमूस राहिला नाही. डाग काढण्यात त्याचा हात धरणारा साऱ्या नगरात कुणी नव्हता.

तो फराटा म्हणजे आपला मुलगा आहे, हे त्याला कळत नव्हतं का? कळत होतं की. पण तीस वर्षांचा हात होता तो. चौकटीत नको ते शिरलं की काढून टाकायचं, एवढंच त्या हाताला ठाऊक. माणूस सवयीचा गुलाम म्हणतात, ते काय उगाच? उलट, पोराला सुंदर आठवण पाठवतोय अशाच समजुतीत त्याने एक प्रत काढून पलटणीच्या पत्त्यावर रवाना केली. 'तू हललास म्हणून आला नाहीस, पण देखावा उत्तम आला आहे,' असं वर लिहिलं. शाबास!

चार महिन्यांनी उत्तर आलं. चारच ओळी. 'बाबा, डोंगर फार सुरेख आला आहे. इथे सगळ्यांना दाखवला. ते विचारतात, यात तू कुठे आहेस? त्यांना काय सांगू?'

ते पत्र यशयाने उजेडाशी नेऊन पुन्हा वाचलं. मग उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. माफी मागायची म्हणजे झालं ते कबूल करायचं, आणि कबूल करायचं तर शब्द कुठून आणायचे? त्यानंतर दोघांचं अळीमिळी गुपचिळी. प्रभुदासची पत्रं कृपाला जायची, खुशाली कृपाकडून कळायची. लढाई संपली, पोरगं धडधाकट परत आलं, खडकीला नेमणूक झाली. एकदा रजा काढून तो बहिणीकडे जाऊनही आला. कृपाने ते बोलता बोलता सांगून टाकलं आणि जीभ चावली. खडकीहून कोपरगावला जायचं तर गाडी नगरवरून जाते. स्टेशनात चांगला पाव तास थांबते. प्रभुदास जाताना उतरला नाही, येतानाही उतरला नाही. हे यशयाला फार लागलं. पण बोलणार कुणाजवळ? घरात भिंती आणि भिंतींवर डोंगर.

शेहेचाळीस साली विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या सार्जंटाकडून त्याने एक घडीचा छोटा कॅमेरा घेतला. मुठीत मावणारा, रोलचा, डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो घेणारा. पन्नाशीच्या यशयाने मग एखाद्या शाळकरी पोराच्या चिकाटीने नवं शिक्षण सुरू केलं. पाथर्डीच्या रस्त्याला दगडावर बसायचं आणि येईल त्या धावत्या वस्तूचा फोटो काढायचा. टांगा, सायकल, पलटणीची जीप. आधी सगळ्यांचे फराटेच आले. मग एक गोम कळली. गाडी आली की आपणही तिच्याबरोबर कमरेतून वळत जायचं, आणि वळता वळताच खटका दाबायचा. मग स्वार स्वच्छ येतो, मिशीच्या केसासकट, आणि मागचा डोंगर पुसून जातो. असा पहिला फोटो हाती आला तेव्हा यशयाला रडू फुटलं. फोटो कुणा अनोळखी जीपवाल्याचा होता.

सत्तेचाळीसच्या जानेवारीत कृपाचं कार्ड आलं. 'पुढल्या महिन्यात नगरला पलटणीची शर्यत आहे. आपला प्रभू त्यात आहे, चौदा नंबर. मी कळवल्याचं त्याला सांगू नका.' यशयाने ते कार्ड बायबलात ठेवलं आणि दिवसातून दोनदा काढून वाचलं. मुलाला पत्र टाकावं, घरी ये म्हणावं, हे मनात आलं नाही असं नाही. पण म्हटलं, आधी फोटो काढू, तो हातात देऊ, मग जे बोलायचं ते आपोआप बोललं जाईल. चार वर्षांमागचं जे राहिलं होतं ते आधी फेडायचं, अशी त्याची जिद्द. शेजारच्या मुक्ताबाईला तेवढं सांगून शर्यतीच्या दिवशी तो तांबडं फुटताच निघाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणून मोठा कॅमेराही पाठीला होताच.

माळावर ही गर्दी! भिंगारपासून पाथर्डीपर्यंतचे लोक लोटलेले. यशयाने वळणावरची जागा धरली. तिथे फटफट्या मंदावतात, हे त्याने आठवडाभर आधीच येऊन हेरून ठेवलं होतं. दुपारी बाराला निशाण पडलं. धुरळ्यातून एकेक स्वार बाहेर येऊ लागला, डोक्याला टोप, डोळ्यांना चष्मा, धुळीपायी नाकातोंडावर बांधलेला रुमाल. छातीवरच्या फडक्यावर नंबर. चौदा नंबर दिसला आणि यशयाने कॅमेरा डोळ्याला लावला. फटफटीवर ओणवं होऊन बसायची ती ढब, ते रुंद खांदे. "माझं पोर," तो मोठ्याने म्हणाला. शेजारच्या माणसाने वळून पाहिलं. रोलमध्ये आठ फोटो होते. सहा फेऱ्यांत यशयाने आठही चौदा नंबरवर घातले. चौदा नंबर तिसरा आला.

आता उठून तंबूकडे जायचं. तेवढंच उरलं होतं. आणि तेवढ्यासाठीच पाय निघेनात. काय म्हणायचं पोराला? 'जेवलास का?' म्हणायचं? इतक्यात ऊन जरा कललं, कातळावर सावल्या उतरल्या आणि डोंगर असा काही खुलला की यशयाला तेवढंच निमित्त पुरलं. त्याने पाठीवरचा कॅमेरा उतरवला, तिपाई मांडली. माळावरचे लोक हलेपर्यंत थांबला. मग अजून एक सावली लांबेपर्यंत थांबला. देखावा हवा होता असं नाही. तो चक्क भीत होता. सावकाश दोन प्लेटा काढून तो तंबूशी गेला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

चौदा नंबर फटफटी पुसत बसला होता. टोप काढलेला, रुमाल गळ्यात. यशया समोर जाऊन उभा राहिला. तो त्याचा मुलगा नव्हता.

"कोन पायजे, बाबा?" त्या पोराने विचारलं.

"चौदा नंबर. प्रभुदास वाघचौरे."

"व्हय, नंबर त्याचाच हाय. मी श्रीमंत औटी, पारनेरचा. त्यानं मला बसीवलं. म्हनला, माजं घर हितं नगरात हाय, म्हाताऱ्याला चार वर्सं बघितलं न्हाई. तेवढ्या येळात जाऊन येतो. यादीतलं नाव बदलू देत न्हाईत, मग त्याचंच फडकं बांधून मी गेलो." मग त्याने हातातलं पुसणं खाली ठेवलं. "तुमी त्याचे कोन?"

"तो कुठे आहे?"

"त्याला तीनच्या गाडीनं फुडं खडकीला जायाचं हुतं. गेला आसंल की आता. आमी बाकीचे उद्याच्याला ट्रकनं जानार."

यशया मागे वळला. टांगा मिळाला नाही, तर चालत निघाला. दोन्ही कॅमेरे, तिपाई, पेटी सगळं अंगावर, ऊन तोंडावर. गाडी तीनला गेली हे ठाऊक होतं, तरी तो झपाझप चालत होता. आळीत पोचला तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. मुक्ताबाई दारात तांदूळ निवडत होती. त्याला बघून तिने सूप खाली ठेवलं.

"यशयाभाऊ, पोरगं आलं हुतं तुमचं."

"माहीत आहे."

"तुमच्या वसरीवर बसलं हुतं, दोन तास. म्या भाकर वाढली, ती खाल्ली. म्या म्हनलं, बाबा माळावर शर्यतीला गेल्यात, तितं जा, भेट व्हईल. तर म्हनलं, नको मावशी. तितं ते कामात आसत्यात. मधी कुनी आल्यालं त्यांना चालत न्हाई." तिने उसासा टाकला. "मंग गाडीची येळ झाली, गेलं."

यशया पायरीवर बसला. अंगावरचं ओझंही त्याने उतरवलं नाही. दीना गेली तेव्हासुद्धा त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान दोष देवाकडे तरी ढकलता आला होता. आळीतून दोन-चार माणसं गेली, कुणी रामराम केला, कुणी सलाम. त्याला ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला,

"मुक्ताबाई, दिसतो कसा आता तो?"

"म्हंजी?"

"म्हणजे चेहऱ्याने. कसा दिसतो?"

मुक्ताबाईने पदराला हात पुसले आणि ती उंबऱ्यावर नीट बसली. "वाळलाय जरा. उन्हानं काळवंडलाय. बारीक मिशी ठिवलीया, शोभती त्याला. आन् हसला की खळी पडती, दीनावहिनीवानी. ती तर लहानपनापास्नंच हाय, तुमाला ठावंच हाय."

"कुठल्या गालाला?" यशयाने विचारलं.

मुक्ताबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने आपल्या डाव्या गालावर बोट ठेवून दाखवलं.