अंड्यांवरचं कुंकू

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भद्रावतीच्या बसस्टँडवर, तिच्याकडेच निघाले होते... पिशवीत तिने मागवलेली कुंकवाची पुडी होती. माझा भाऊ गेल्यापासून वहिनीचं कपाळ मोकळं. तरी दर उन्हाळ्यात तिला कुंकू लागायचंच.

वैनगंगेच्या वाळूत तिची टरबुजाची वाडी होती. तिथेच नदीतली कासवं अंडी घालत. एका उन्हाळ्यात असं वादळ आलं, की वेलींसकट काठ ढासळला आणि अंडी उघडी पडली. वहिनीने ती वाळूच्या टोपलीत घालून घरी आणली. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी चोचीने अंडी फिरवते ना, तशी ती रोज फिरवत बसली. पिल्लू एकही निघालं नाही. कासवाचं अंडं उलटलं की आतला जीव मरतो, हे नंतर वनरक्षकाने सांगितलं.

"कोंबडीची अक्कल मी कासवाले लावली, बाई! माह्याच हातानं मेले ते."

"तुले काय मालूम होतं, वहिनी?"

"मालूम नोतं तं हात काऊन लावला?"

वहिनीशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

पुढच्या वर्षी तिने वाडीतला सगळ्यात उंच तुकडा अंड्यांसाठी मोकळा सोडला. वादळाची चिन्हं दिसली, की वनखात्याची माणसं आणि ती मिळून खालची अंडी तिथे हलवत. पण उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर ती कुंकवाचं बोट टेकवायची. टिकली वरच राहिली, म्हणजे अंडं उलटलं नाही. विधवेच्या हातात कुंकू, म्हणून गावातल्या बाया कुजबुजल्या. मीही चिडवलं, "एवढ्या सवाष्णी कुठून गोळा केल्या वं?"

ती खळखळून हसली. "नांदू दे ना त्याइले सुखानं..."

तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी आभाळ काळं झालं. वनरक्षक दारात उभा. "अंडे हलवा लागते, बाई. काकूचं कुंकू कुठी आहे?"

पुडी माझ्या पिशवीत तशीच होती. वाळूत गुडघे टेकून मी पहिल्या अंड्याला बोट लावलं आणि मला रडू फुटलं. डोळ्यांतल्या पाण्याने टिकली दिसेना. अंडं उलटेल या भीतीने मी थांबले. तेव्हा मागोमाग वाळूत आलेल्या त्या कुजबुजणाऱ्या बायाच पुढे सरसावल्या, पुडीत बोटं बुडवून माझ्या शेजारी बसल्या. त्या संध्याकाळी खालचा काठ पुन्हा वाहून गेला. उंचावरचा तुकडा राहिला.

परवा पिल्लं पाण्यात गेली. पुडीत अजून कुंकू उरलं आहे. वहिनीच्या कोनाड्यात ती ठेवायला गेले होते... ठेववली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मलाच लागेल.