अण्णाजींचं धर्माचं पाणी

आर्वीच्या मोटार स्टँडवर निंबाच्या झाडाखाली अण्णाजींची पाणपोई होती. अण्णाजी म्हणजे पेठेतले किराणा दुकानदार. उन्हाळा लागला की दुकान भाच्याच्या गळ्यात घालून हा माणूस पाणपोईच्या ओट्यावर मांडी ठोकून बसायचा. दुकानात बसून पुण्य मिळत नाही, आणि मिळालंच तर चार लोकांना दिसत नाही. पाणी पिऊन एखादा हात न जोडता निघाला, तर अण्णाजी मागून मोठ्यानं खाकरायचे.

पाणी मात्र त्यांची बायको भरायची. भागीरथाबाई सकाळी विहिरीवरून घागरी आणून रांजणात ओतायची. उन्हं चढल्यावर अण्णाजी येऊन वर तुळशीची पानं टाकायचे, आणि तेवढ्यावर सगळा धर्म त्यांच्या नावे जमा व्हायचा. रांजण रिकामा करून घासायची सोय नव्हती. "धर्माचं पानी सांडू नाई" हा त्यांचा नियम. कालच्या पाण्यावर आजचं, आजच्यावर उद्याचं. तळाशी काय साचलंय ते तुळशीच्या पानांखाली दिसत नसे.

प्यायला एक पितळी गडू होता. येईल तो गडू रांजणात बुडवायचा, बोटांसकट, कधी पार मनगटापर्यंत. मग वरून धार धरून प्यायचा. गडूला ओठ लागू नये यावर अण्णाजींची करडी नजर. कुणाचा ओठ लागलाच तर गडू राखेनं घासून घ्यायचे. बोटं कुठं जाऊन आली, हे त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नाही.

आम्हाला गडू नव्हता. आमच्यासाठी ओट्याच्या कडेला पत्र्याची पन्हाळ बांधली होती. अण्णाजी वरच्या टोकाला पाणी ओतायचे, आम्ही खालच्या टोकाला वाकून ओंजळीनं प्यायचो. लहानपणापासून मी असाच वाकत आलो. छप्पन साली दसऱ्याला नागपूरला जाऊन आम्ही दीक्षा घेतली, आणि त्या पन्हाळीखाली पुन्हा वाकायचं नाही असं आमच्या वस्तीनं ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात मी घरची सुरई घेऊन हिंडायला लागलो. याचा अण्णाजींना भारी राग. "काऊन रे तानबा, आमचं पानी कडू लागून राह्यलं का?" असं ते भर स्टँडवर विचारायचे. मी सुरई तोंडाला लावायचो आणि पुढे जायचो.

मी सरकारी दवाखान्यात नोकर होतो. पाणी उकळायचं, घाणीवर चुना टाकायचा, खाटा धुवायच्या, हे माझं काम. त्याच उन्हाळ्यात गावात हैजा, म्हणजे कॉलरा आला. कुठल्याशा जत्रेहून परतलेले लोक स्टँडवर उतरले, त्यांतला एक तिथंच आडवा झाला. मग दवाखान्याचा व्हरांडा भरायला लागला. सॅनिटरी इन्स्पेक्टर ओमप्रकाशजी प्रत्येक रोग्याजवळ बसून विचारायचे, पाणी कुठं प्यायलात? बहुतेकांचं उत्तर एकच, स्टँडवर.

ओमप्रकाशजी मला घेऊन पाणपोईवर गेले. त्यांनी रांजणात हात घालून तळाचा गाळ मुठीत वर काढला आणि अण्णाजींच्या पुढ्यात धरला.

"हैजे का जंतु पेट से निकलता है, अण्णाजी. रोग्याच्या हाताला लागतो, हातानं गडूला, गडूनं पाण्याला. एकानं बोटं बुडवली की दिवसभर जो पिईल त्याच्या पोटात."

"तुळस टाकतो मी त्यात," अण्णाजी म्हणाले. जसं काही जंतू तुळस पाहून नमस्कार करून परत जातात!

"रांजण खाली करा, चुन्यानं धुवा. मग झाकण ठेवून ब्लीचिंगचं पाणी भरा. और यह गडू बंद. हात पाण्यात जायलाच नको." मग ओमप्रकाशजींची नजर पन्हाळीवर गेली. वर्षभर कुणी वापरली नव्हती, उन्हात तापून पडली होती. "ही झकास आहे. धुऊन घ्या, एका माणसानं लांब दांड्याच्या पळीनं वरून ओतायचं, सगळ्यांनी हिच्यातूनच प्यायचं."

अण्णाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हंजे आमच्या लोकायले त्या पन्हाळीखाली वाकवू? साहेब, लोक हैज्यानं मरतीन, पर असं पानी पिनार नाईत."

मला हसू आलं आणि तळपायाची आग मस्तकातही गेली. आम्हाला कमी लेखायला केलेली वस्तू, आणि त्या सबंध ओट्यावर रोग न पसरवणारी तेवढीच एक. म्हणून काही ती मला गोड झाली नाही. पण बाकीच्यांची अब्रू पन्हाळीखाली जाते आणि आमची जात नव्हती, हे अण्णाजींच्या तोंडून ऐकायला मिळालं.

ओमप्रकाशजींनी पाणपोई बंद करायला लावली. अण्णाजींनी दुसऱ्या दिवशी तोच रांजण, तसाच भरलेला, बैलगाडीत घालून स्वतःच्या अंगणात नेला. धर्माचं पाणी सांडायचं नव्हतं ना! आता ते पाणी घरचेच लोक प्यायला लागले.

आणि भागीरथाबाई दवाखान्यात आली. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, हातांची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. डॉक्टरांनी सलाईन लावलं. उलट्या थांबल्यावर त्यांनी मला सांगितलं, आता हिला उकळलेलं पाणी थोडं थोडं पाजत राहा, पोटात पाणी टिकलं तर वाचेल. ते पुढच्या खाटेकडे वळले.

मी पेला घेऊन गेलो. अण्णाजी उशाशी बसले होते. धोतराच्या सोग्याखालून त्यांनी झाकलेला गडू काढला.

"तुह्या हातचं ती पिनार नाई, तानबा. मी घरचं आनलं."

"अण्णाजी, त्याच पान्यानं बाई इथं आल्या. ते देऊ नका."

"मेली तरी चालन. बाटून जगनार नाई ती."

बायको मेली तरी चालेल, हे त्यांनी कांदे महागले म्हणावं तशा आवाजात सांगितलं. मला वाटलं, पेला त्यांच्या टकलावर आपटावा. पण पाणी तिला हवं होतं. ओठ सुकून फुटले होते, आणि गडू तिच्या तोंडाशी येत होता.

भागीरथाबाईनं डोळे उघडले. बाई सगळं ऐकत होती. तिनं हात उचलला आणि गडू ढकलला. अर्धं पाणी अण्णाजींच्या मांडीवर सांडलं.

"दे गा, तानबा," ती म्हणाली.

मी तिची मान उचलून पेला ओठांना लावला. ती प्यायली. थोड्या वेळानं म्हणाली, "आनखी दे." अण्णाजींनी आधी व्हरांड्याकडे पाहिलं, कोणी कोणी पाहिलं ते मोजायला. मग धोतर झटकत बाहेर निघून गेले. बायको जगते की जाते, हे पाहायला ते थांबले नाहीत.

बाई वाचली. तिला घरी पाठवलं त्या दिवशी ओमप्रकाशजींनी मलाही सोबत धाडलं, रांजण फोडून टाकायला आणि संडासात चुना टाकायला. अंगणात पाहतो तर भटजी आलेले, गल्ली गोळा झालेली, आणि उंबऱ्यात अण्णाजी वाटी घेऊन उभे. वाटीत गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप असं पंचगव्य कालवलेलं.

"त्याच्या हातचं पेलीस तू," अण्णाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "हे घे, मंग घरात ये."

तिच्या अंगात धड उभं राहण्याचंही बळ नव्हतं. ती दाराच्या चौकटीला टेकली, वाटी हातात घेतली, आत नीट निरखून पाहिलं आणि वाटी परत नवऱ्याच्या हातात दिली.

"पयले उकळून आना," ती म्हणाली.