सोडून जाता येणारं गोड

आमच्या आत्याला कुठलाही नवा गोड पदार्थ सांगा, साखर किती, दूध किती असलं काही ती विचारायची नाही. कपाळाला आठी घालून एवढंच विचारायची, "हाई सोडीसन जाता येस का?" मध्येच सोडून जाता येतं का? येत असेल तर पदार्थ पास. नसेल तर तो कितीही चविष्ट असो, तिच्या लेखी नापास. बासुंदी अशीच नापास झाली, जिलबी तर परीक्षेलाच बसली नाही.

आत्या शिंदखेड्याला दवाखान्यात नर्स होती. गाव तिला सिस्टर म्हणायचं आणि आम्ही भावंडं सिस्टरआत्या. तिचं लग्न झालेलं नव्हतं. ती आमच्याकडेच राहायची आणि दवाखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता, हीच खरी अडचण होती. घरात पाहुणे जेवायला असले की भाजी-भाकरी आईकडे आणि गोड आत्याकडे, अशी वाटणी ठरलेली. आणि पानं वाढायला घेतली की दवाखान्यातल्या शांताबाई फाटकात उभ्या राहणार, हेही जवळजवळ ठरलेलंच. "सिस्टर, बाई उनी. लवकर चाला." बाई म्हणजे बाळंतीण. आत्या पदराला हात पुसायची आणि चपला घालून निघायची.

त्यामुळे तिची गोडं मोजकी आणि सगळी सहनशील. शेवया आधीच तुपावर भाजून डब्यात भरलेल्या असायच्या. दूध उकळलं की त्यात टाकायच्या, साखर, वेलदोडा, वर झाकण आणि गॅस बंद. पुढचं शिजणं शेवया स्वतःच उरकून घेत. शिऱ्याचा रवाही भाजून तयार, आधणाचं पाणी कुणीही ओतावं. पाहुणे अचानक आले तर शिकरण. त्यात तर ती केळी सोलायचीसुद्धा नाही. दूध-साखर ढवळून ठेवायची आणि केळ्यांची फणी शेजारी मांडायची. "केळं सालटामा शे तवलोंग त्याले काही व्हत नही," असं ती म्हणायची. ती गेली की आम्ही पोरं केळी कुस्करत बसायचो. पुढे माझी वहिनी जळगावहून लग्न होऊन आली आणि तिने कस्टर्ड आणलं. करून फ्रिजमध्ये टाकायचं आणि विसरून जायचं, हे ऐकताच आत्याने तिला सून म्हणून मनापासून पसंत केलं.

शेजारपाजारी मात्र सिस्टरला याच्यापुढे काही येत नाही असंच धरून चालत. आईचंही मत फार वेगळं नसावं. मला लहानपणापासून या गोष्टीचं मोठं कुतूहल होतं. खरंच येत नाही, की करायचं नाही? एकदा मी तिला विचारलं, "आत्या, तुला स्वतःला गोड आवडतं तरी का गं?" ती हसली. "माले गरम खीर आवडस. पन गरम कव्हय भेटनी?" तिची वाटी आई दर वेळी झाकून ठेवायची आणि परत आल्यावर आत्या ती ओट्याशी उभ्या उभ्या संपवायची. खीर तोवर थंडगार होऊन तिचा गोळा झालेला असे. त्यात चमचाभर दूध घालून ती म्हणायची, "व्हई गयी सरळ."

याचा राग यायचा तो बाबांना. बाबा शाळेत शिक्षक. घरातही वर्गात बोलावं तसं शुद्ध बोलायचे आणि आम्ही अहिराणीत काही बोललो की डोळे वटारायचे. आजोबा लवकर गेले, तेव्हा बाबांना याच मोठ्या बहिणीने शिकवलं होतं. त्यामुळे ती ताटावरून उठली की बाबांचा घास अडायचा आणि तो राग होऊन बाहेर पडायचा. एकदा दोंडाईच्याहून काकांची सासरची मंडळी येणार होती. खिरीवर त्यांची बोळवण करणं बरं दिसत नाही, म्हणून आईने आत्याला गुलाबजाम करायला लावले. पहिला घाणा तुपात पडला आणि शांताबाई फाटकात हजर. आत्याने झारा बाबांच्या हातात दिला आणि ती गेली. बाबांना झारा कसा धरायचा इथपासून शंका. गुलाबजाम बाहेर आले तेव्हा ते सुपारीला लाजवतील असे झाले होते. पाहुण्यांनी ते पाकात बुडवून बुडवून, मान डोलवत खाल्ले, हा त्यांचा चांगुलपणा.

आत्या परतल्यावर बाबा कडाडले, "अक्का, दवाखान्यात तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही का?"

"शेतस ना," ती शांतपणे म्हणाली. "पन ती बाई मनंच नाव ली राहिनी."

दुसऱ्या होत्या, पण बाई हिचंच नाव घेत होती म्हटल्यावर बाबांचा आवाज खाली आला. ते नुसतेच, "निदान जेवून तरी जात जा," असं पुटपुटले. आत्याने मुलगी झाल्याची बातमी दिली आणि उरलेला एक गुलाबजाम चावता चावता दाढ सांभाळली.

आता आत्या नाही. कुणाला जेवायला बोलावलं की माझ्या हातून आपसूक शेवयांचा डबा उघडला जातो आणि ती आठवते. पण सगळ्यात जास्त आठवतो तो तिच्या निवृत्तीचा दिवस. भर मे महिना होता. संध्याकाळी घरचीच मंडळी जेवायला होती. आम्ही सगळ्यांनी खीरच गृहीत धरली होती, कारण बुद्धपौर्णिमा असो की वाढदिवस, आमच्याकडे खीर ठरलेली. पण आत्याने सकाळीच जाहीर केलं, "आज मांडा करसू. आज माले बठ्ठासंगे शेवटलोंग बसनं शे."

सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत बसायचं, तेही मांडे करून! मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. ते काम सोडून जायचं तर दूरच, मान वळवायचीही सोय नसते. आत्याने शेजारून खापर आणलं, अंगणातल्या चुलीवर ते पालथं घातलं आणि पुरण भरलेला सैल गोळा हातांवर घेतला. मग या हातावरून त्या हातावर झुलवत तो असा वाढवला, की कोपरापर्यंत पातळ पोळी लोंबू लागली. ती तिने अलगद खापरावर टाकली. एकही फाटली नाही. आई कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "वन्सं, हे तुम्हाला येत होतं?" आत्या म्हणाली, "पारोयाले मायनी शिकाडं. करानं कव्हय?" पारोळ्याला आजीने शिकवलं होतं, करायला सवडच नव्हती. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर असं धुरात, घामाने निथळत उभं होतं.

आम्ही सगळे गोल बसलो. मांडे, वर तूप, वाटीत आमरस. आत्या बाबांच्या शेजारी मांडी घालून बसली, गरम मांडा खाल्ला, दुसऱ्यांदा रस घेतला. बाबा इतके खूश, की त्यांनी स्वतः उठून तिला वाढलं. जेवणं संपली, हात धुवून झाले, पोरं अंगणात पळाली. आत्या तिथेच बसून राहिली. तिची नजर फाटकाकडे होती. चेहऱ्यावर समाधान शोधलं तर मला ते सापडेना. ती म्हणाली, "आज कोनीच उनं नही."

कुणीच बोलवायला आलं नव्हतं. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि तिला ते बोचत होतं. मला त्या क्षणी रडूच आलं.

मग ती उठली. स्टीलचा डबा काढला, त्यात मांडे घडी करून ठेवले, वर तुपाची वाटी. "ती नवी पोर आज एकलीच शे ड्यूटीले," कुणाकडेही न बघता ती म्हणाली. "जेवनी का नही, कोन जाने." आणि तिने चपला घातल्या. मला वाटलं, आता बाबा कडाडणार.

बाबा उठले. त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला आणि आपल्या चपला शोधायला लागले.

आत्या चमकून म्हणाली, "तू काय करशी तठे?"

"बाहेर बससू," बाबा म्हणाले. "तुनं काम व्हयेलोंग."